रोबो वाट चुकतो तेव्हा: पहिली-दुसरीच्या वर्गात या चुका टाळा

पाठीवरच्या बटणांनी आज्ञा देऊन चालवायचा बीबॉटसारखा खेळण्यातला रोबो एका 'पुढे'ला १५ सेंमी सरकतो आणि वळणाच्या बटणाला जागच्या जागी ९० अंश फिरतो. तरी "सर, हा बिघडला जी!" ही हाक तासभर येत राहते. बहुतेक वेळा रोबो धडधाकट असतो.

आधी जुन्या आज्ञा पुसणारं फुलीचं बटण आठवा. ते न दाबता नव्या आज्ञा दिल्या की त्या जुन्यांच्या मागे जोडल्या जातात. मुलानं तीनदा 'पुढे' दाबलं आणि रोबो सात पावलं गेला, तर आधीच्या गटाच्या चार आज्ञा आत तशाच आहेत.

मग वळण. 'उजवीकडे' दाबलं की रोबो फक्त तोंड फिरवतो. शेजारच्या घरात, म्हणजे आखलेल्या चौकोनात, जायला पुन्हा 'पुढे' लागतं. मूल रोबोसमोर बसलं असेल, तर डावं-उजवं उलटंच होतं. त्याला रोबोच्या पाठीमागे बसवा.

सगळ्यात जास्त घोळ जमिनीचा. खताच्या पोत्याची चटई फुकटात होते, पण तिच्या सुरकुतीवर चाक अडून रोबो तिरपा होतो. सारवलेल्या जमिनीची माती चाकात जाते. गुळगुळीत फरशीवर खडूनं १५ सेंमीची घरं आखा. एक फुटाच्या फरशीलाच दोन घरं धरू नका: फूट म्हणजे ३०.५ सेंमी, त्यामुळे पाच फरश्यांत रोबो सुमारे अडीच सेंमी मागे पडतो. सुरुवातीला तो ५ अंश तिरपा ठेवला, तर सहा पावलांत ८ सेंमी, म्हणजे अर्धं घर बाजूला जातो. म्हणून सुरुवातीची रेघ हवीच.

चूक झाली की सगळं पुसून नव्यानं सुरू करू देऊ नका. मुलांनी बाणांची कार्डं आधी ओळीनं मांडलेली असावीत. रोबो प्रत्येक पावलानंतर क्षणभर थांबतो. तेव्हा एकानं कार्डावर बोट सरकवावं. बोट आणि रोबो जिथे फारकत घेतात, तेवढंच कार्ड बदलायचं. विचार करायला मूल इथेच शिकतं, म्हणून गुरुजींनी बोट दाखवण्याची घाई करू नये.

नोंदी ठेवताना चुकलेला अंदाज खोडू देऊ नका. अंदाज आणि प्रत्यक्ष पावलं शेजारी-शेजारी लिहा. कितव्या प्रयत्नात पोचला, याचा तक्ता दाण्यांनी मांडता येतो. फक्त एका रांगेत तूर, दुसरीत सरकी असे ढीग नकोत. सरकी मोठी, तिचा ढीग उगाच उंच दिसतो. चौकटी आखा आणि एका चौकटीत एकच दाणा ठेवा.