ढोल-ताशावर दिवे नाचवताय? या चुका टाळा

घरी टाळ्या वाजवून बघितलं की एलईडी पट्टी मस्त नाचते. मंडपात ढोल-ताशा सुरू झाला की मात्र सगळे दिवे एकदम पेटतात आणि तसेच राहतात. बहुतेक जण इथे कोड उघडून बसतात. आधी माइक बघा.

पथक जवळ असलं की आवाज १०० डेसिबलच्या वर सहज जातो. त्यात गेन, म्हणजे माइकचा सिग्नल किती पटीने वाढवायचा ते, चढवलेला असेल तर सिग्नलचा माथाच कापला जातो आणि हलका ठोका काय, जोराचा काय, दिवे चालवणाऱ्या ईएसपी३२ या छोट्या कंट्रोलर बोर्डाला सगळं सारखंच. मॅक्स४४६६ या माइक मॉड्यूलच्या मागच्या बारीक स्क्रूने गेन उतरवा. तेवढ्याने भागलं नाही तर माइक लांब न्या. मॅक्स९८१४ हे दुसरं माइक मॉड्यूल गेन आपलं आपण सांभाळतं. बोलण्यासाठी ते छान, पण इथे नेमका चढउतारच सपाट होतो. आणि माइक प्लायवुडला चिकटवू नका, जनरेटरची थरथरही तो ऐकतो.

माइक ठीक असूनही वायफाय लावताच रीडिंग बंद पडतंय? मग तो एडीसी-२च्या पिनवर आहे. एडीसी म्हणजे सिग्नलचे आकडे करणारा बोर्डावरचा भाग, आणि त्यातला दुसरा वायफायही वापरतं. ३२ ते ३५ मधली पिन घ्या.

नुसता एकूण आवाज मोजला तर ढोल आणि ताशा वेगळे कळत नाहीत. त्यासाठी एफएफटी लागतं, म्हणजे आवाजातले जाड-बारीक सूर वेगळे करणारं गणित. सेकंदाला २२,०५० सॅम्पल, म्हणजे आवाजाची मापं, घेत असाल तर ५१२चा गठ्ठा २३ मिलिसेकंदांत भरतो आणि सुरांचा एकेक कप्पा ४३ हर्ट्झचा पडतो. हौसेने २०४८ घेतले तर कप्पे बारीक होतात, पण गठ्ठा भरायलाच ९३ मिलिसेकंद जातात आणि दिवा ठोक्यामागे रेंगाळतो. ढोलाला ५१२ पुरे. दिवा पेटताना झटकन पेटू द्या, विझताना जरा सावकाश. पण दोन ठोक्यांच्या मधे अंधार हवाच, नाहीतर ठोका दिसणार कसा?

पट्टीचं शेवटचं टोक पिवळट-लालसर दिसतंय, तर दोष रंगाच्या कोडचा नाही. डब्ल्यूएस२८१२बी जातीच्या एलईडी पट्टीच्या ५ मीटरमध्ये ३०० दिवे असतील, तर पूर्ण पांढऱ्यावर ते १८ अँपिअरपर्यंत मागतात. पट्टीतल्या पातळ तांब्यात व्होल्टेज पडतं आणि निळा आधी मान टाकतो. ५ व्होल्ट दोन्ही टोकांना द्या, ग्राउंड सगळ्यांचा एकच ठेवा.

ताशाची तडतड अख्ख्या पट्टीला लावायचा मोह होतो. तो आवराच. सेकंदाला तीनपेक्षा जास्त वेळा होणाऱ्या लखलखाटाने काहींना अपस्माराचा झटका येऊ शकतो. ताशाला कडेचे चार-सहा दिवे द्या, बाकी पट्टी ढोलाची.