जुन्या बाथटबला घरच्या घरी नवा मुलामा

मुंबईतील काही जुन्या घरांच्या न्हाणीघरांत बिडाचा, पांढऱ्या इनॅमलचा बाथटब अजून टिकून आहे. तो बदलायचा म्हटले, तर शंभर किलोंहून अधिक वजनाचे ओझे अरुंद जिन्यावरून उतरवावे लागते आणि त्या खटाटोपात भोवतालच्या टाइल्स फुटतात त्या वेगळ्याच. टब गळत नसेल, केवळ चकाकी गेली असेल आणि कुठेकुठे टवके उडाले असतील, तर रंग आणि त्याला कडक करणारा हार्डनर अशा दोन घटकांच्या इपॉक्सी रंगाने त्याला नवे रूप देता येते. मात्र मूळ इनॅमल म्हणजे सुमारे 800 अंश सेल्सिअस तापमानाला लोखंडावर वितळवून बसवलेली काच असते. आपण लावतो तो रंगाचा थर तिची बरोबरी करत नाही, हे आधीच मान्य केलेले बरे.

सुरुवातीला फ्रिजवरचा चुंबक टबाला लावून पाहावा. तो चिकटला तर टब बिडाचा किंवा पोलादी पत्र्याचा आहे. नाही चिकटला तर तो ॲक्रिलिक किंवा फायबरचा असावा, आणि त्यासाठी वेगळे साहित्य लागते.

कल्हईवाला भांडे आधी घासूनपुसून लख्ख करतो, कारण मळक्या तांब्याला कथील धरत नाही. इथेही तसेच आहे. निचऱ्याची जाळी काढावी आणि टबाच्या कडेचे जुने सिलिकॉन पात्याने खरवडून पूर्ण काढावे. सिलिकॉनचा किंचित अंश राहिला तरी रंग त्याच्यापासून मागे सरतो आणि तिथे बारीक खळगे पडतात. माझ्या पहिल्या प्रयत्नात नळाखालच्या कोपऱ्यात वीतभर पट्टी नजरेतून सुटली होती. दीड महिन्याने नेमका तिथलाच थर सालीसारखा निघून आला. त्यानंतर गरम पाणी आणि धुण्याचा सोडा यांनी साबणाचा जुना थर दोनदा धुऊन काढावा. टाइल्स धुण्याचे ॲसिड मात्र वापरू नये, ते इनॅमलला खाते. बहुतेक टबांची चकाकी त्याच ॲसिडाने गेलेली असते, हे आपल्याकडचे दुर्दैव.

टवके उडालेल्या जागी गंज खरवडून इपॉक्सी पुट्टी भरावी आणि ती कडक झाल्यावर घासून कडेशी सपाट करावी. मग 400 नंबरचा वॉटर पेपर पाण्यात भिजवून संपूर्ण टब घासावा. कोरडे घासू नये, कारण जुन्या इनॅमलमध्ये शिसे असू शकते आणि त्याची धूळ घरभर जाते. घासलेले पाणीही लगेच वाहू द्यावे. विजेरी टबाला जवळजवळ टेकवून तिरपा प्रकाश टाकला की चमकणारे ठिपके दिसतात. ते सगळे मंद होईपर्यंत घासत राहावे, कारण गुळगुळीत काचेवर रंगाला पकड मिळत नाही. टब धुऊन एक रात्र वाळू द्यावा आणि रंग लावण्याआधी धागे न सुटणारे कापड थिनरमध्ये बुडवून पुसून घ्यावा.

आता नळाकडे पाहावे. ओल्या रंगावर पडलेला एक थेंब दोन दिवसांची मेहनत वाया घालवतो. म्हणून वॉशर बदलावा, अथवा नळाच्या तोंडाला प्लास्टिकची पिशवी बांधून पाण्याची मुख्य तोटी बंद करावी. गॅस गीझर असल्यास त्याची जोडणी बंद करणे अत्यावश्यक आहे, कारण थिनरची वाफ पेट घेते. खिडकी उघडी ठेवून पंखा बाहेरच्या दिशेने लावावा आणि रसायनांच्या वाफेसाठीचा कार्बन फिल्टरचा मास्क घालावा. कापडी मास्कचा इथे काही उपयोग नाही. जुना रंग काढण्यासाठी मिथिलीन क्लोराइड असलेले द्रावण तर न्हाणीघरात आणूच नये. त्याची वाफ हवेपेक्षा जड असल्याने टबातच साचते. अमेरिकेत 2000 ते 2011 या काळात टब रंगवणाऱ्या किमान 13 कामगारांचा त्याने जीव घेतला.

पावसाळ्यात हे काम काढू नये. दमट हवेत इपॉक्सीवर चिकट, ढगाळ साय येते. दिवाळीनंतरची कोरडी सकाळ उत्तम. रंग आणि हार्डनर डब्यावर दिलेल्या प्रमाणातच, शक्यतो वजन करून घ्यावेत, तळ आणि कडा खरवडत तीन-चार मिनिटे ढवळावेत आणि मिश्रण लगेच पसरट ट्रेमध्ये ओतावे. खोल डब्यात ते स्वतःच्याच उष्णतेने तापते आणि लवकर घट्ट होते. चार इंची फोमचा रोलर आधी चिकटपट्टीवर फिरवून सुटे कण काढून टाकावेत. भिंतीकडच्या काठापासून सुरुवात करून बाजू घ्याव्यात आणि तळ शेवटी. पहिला हात पातळच असावा. त्यातून जुना रंग डोकावला तरी घाबरून जाड थर देऊ नये, तो उभ्या बाजूंवरून ओघळतो. डब्यावर सांगितलेल्या अवधीनंतर दुसरा हात द्यावा. भोवतालच्या टाइल्सवर रंग लागू नये म्हणून आधी कडेला लावलेला मास्किंग टेप रंग पूर्ण कडक होण्याआधीच हळूच ओढून काढावा, नाहीतर कड तुटते.

पाणी सोडायला किमान तीन दिवस आणि कडेला नवे सिलिकॉन भरायला आठवडा थांबावे. तळाशी चोषक असलेली रबरी चटई टबात ठेवू नये, ती उचलताना रंगही घेऊन येते. घासणी आणि ॲसिडची बाटली आता या न्हाणीघरात न्यायची नाही, हे सफाईला येणाऱ्या मावशींना त्याच दिवशी सांगून ठेवावे.