आकाशात अनोळखी दिवा दिसला तर शोध कसा घ्यावा

आधी घड्याळ पाहा आणि आहात तिथेच उभे राहा. दिव्याच्या खाली क्षितिजावर टाकी, नारळ, टॉवर जे असेल ते लक्षात ठेवा. नेमकी दिशा दुसऱ्या दिवशी उजेडात, त्याच जागेवरून होकायंत्राने मोजता येते. क्षितिजापासूनची उंची अंशांत, मुठीने मोजा: हात सरळ ताणला की बंद मूठ सुमारे १० अंश, करंगळी १ अंश. ‘पाचशे फुटांवर होता’, ‘बसएवढा होता’ अशा नोंदी निरुपयोगी, कारण काळ्या आकाशातल्या एकट्या दिव्याचे अंतर डोळ्याला कळत नाही, आणि अंतराशिवाय आकारही नाही.

हलतोय असे वाटले तर भिंतीला टेकून तो छपराच्या कडेशी लावून पाहा. एकटक पाहिले की स्थिर चांदणीही तरंगते. व्हिडिओ फोन टेकवून, झूम न करता, खांबासकट घ्या; झूममध्ये फोकस सुटतो आणि ठिपक्याची तबकडी होते. मूळ फाइल जपा.

मग एकेक शक्यता वगळा. आकाशाचा नकाशा दाखवणाऱ्या स्टेलॅरियम अ‍ॅपमध्ये ठिकाण, तारीख, वेळ भरा: मावळतीनंतर पश्चिमेचा शुक्र किंवा क्षितिजाजवळ रंग बदलत लुकलुकणारा व्याध तारा, इथेच बरेच कोडे सुटते. समोरून येणारे विमान काही वेळ जागीच थांबल्यासारखे दिसते. विमानांचा माग दाखवणाऱ्या फ्लाइटरडार२४ या संकेतस्थळावर मागची उड्डाणे पाहा. तिथली वेळ यूटीसीत, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेत असेल तर आपल्या वेळेतून साडेपाच तास वजा करा. संथ सरकत मध्येच विझणारा ठिपका बहुधा उपग्रह, पृथ्वीच्या सावलीत शिरलेला. ठिपक्यांची रांग म्हणजे नुकतेच सोडलेले स्टारलिंक हे इंटरनेट उपग्रह.

सगळ्यात मोलाची नोंद म्हणजे दिवा किती सेकंद दिसला. उल्का सेकंदाला ११ ते ७२ किलोमीटर वेगाने येते आणि सहसा काही सेकंदांत संपते. कक्षेतून पडणारा रॉकेटचा भाग सेकंदाला आठेक किलोमीटर वेगाने, जवळजवळ आडवा, तुटत तुटत मिनिटभरही दिसतो. २ एप्रिल २०२२ च्या संध्याकाळी महाराष्ट्रात दिसलेली आगीची रांग अनेकांना उल्कावर्षाव वाटली. तो चिनी लाँग मार्च ३बी रॉकेटचा टप्पा होता. चंद्रपूर जिल्ह्यात, सिंदेवाही तालुक्यातल्या लाडबोरीत धातूचे मोठे कडे सापडले. असा तुकडा दिसला तर हात लावू नका, टाकीत विषारी इंधन उरलेले असू शकते. पोलीस ठाण्याला किंवा तहसीलदारांना कळवा.

तरीही उलगडा झाला नाही तर पाच-दहा किलोमीटरवरचा दुसरा साक्षीदार शोधा. आपली नोंद त्याला न सांगता त्याच क्षणाची दिशा आणि उंची विचारा. नकाशावर दोन्ही दिशारेषा जवळच छेदल्या तर ड्रोन किंवा उडता कंदील. समांतर राहिल्या तर दिवा फार दूरचा.