प्रभागातली बाग नव्याने करताना या चुका टाळा

बागेच्या नूतनीकरणाची पहिली बैठक बहुतेक वेळा खेळण्यांच्या कॅटलॉगवरच संपते. ओपन जिमची यंत्रे किती, कोर्ट निळे की हिरवे, कमानीवर नाव कोणाचे. पाणी कुठून वाहून जाणार, खाली माती कसली आहे आणि रात्री दिवे कोण बंद करणार हे प्रश्न काम सुरू झाल्यावर निघतात आणि पुढची सगळी दुखणी तिथूनच लागतात. खालच्या चुकांपैकी निधी कमी पडला म्हणून झालेल्या फार थोड्या.

कागद आधी, आराखडा मग

विकास आराखड्यात 'उद्यान' आणि 'क्रीडांगण' ही आरक्षणे वेगवेगळी असतात आणि कोणत्या आरक्षणावर किती व कसले बांधकाम चालते हेही त्यावर ठरते. शिवाय पुष्कळ 'बागा' या लेआउटमधल्या, म्हणजे भूखंड पाडताना सोडलेल्या, मोकळ्या जागा असतात. त्यांचा ताबा महापालिकेकडे आलाच आहे असे गृहीत धरू नका. मालमत्ता पत्रक किंवा सातबारा, आरक्षणाचा उतारा आणि जमिनीखालच्या जलवाहिनी, मलवाहिनी व वीजवाहिन्यांचा नकाशा हे तीन कागद हातात आल्याशिवाय वास्तुविशारदाला बोलावण्यात अर्थ नाही.

बसेल तेवढेच बसवा

वीस गुंठ्यांच्या बागेत कबड्डी, खो-खो, बॅडमिंटन, ओपन जिम, जॉगिंग ट्रॅक आणि ज्येष्ठांचा कट्टा असे सगळे हवे असते. हिशेब करून पाहा. पुरुषांचे कबड्डीचे मैदान १३ बाय १० मीटर. भोवती चार मीटर मोकळे सोडले तर २१ बाय १८, म्हणजे पावणेचार गुंठे. खो-खोचे मैदान २७ बाय १६ मीटर. चहूबाजूंनी दीड मीटर लॉबी, म्हणजे मोकळी पट्टी, धरली की साडेपाच गुंठे गेले. या दोनच खेळांत निम्मी बाग संपते. भोवतीची जागा कापून मैदान 'बसवले' की खेळाडू थेट बाकावर किंवा कुंपणावर आदळतो. एकच खेळ घ्या, पण पुरा घ्या. कबड्डी घेतली तर महिला व कुमार गटाचे १२ बाय ८ मीटरचे मैदान आखले तरी वस्तीतल्या पोरांचे भागते.

उघड्यावरचे बॅडमिंटन कोर्ट ही सर्वांत लोकप्रिय आणि सर्वांत कमी वापरली जाणारी मागणी आहे. वाऱ्यात शटल टिकत नाही, त्यामुळे पहाटेचा तास-दीड तास सोडला तर कोर्ट रिकामे. तीन बाजूंनी इमारतींचा आडोसा नसेल तर तिथे व्हॉलीबॉल करावे. कोर्ट कोणतेही असो, लांबी उत्तर-दक्षिण ठेवा. पूर्व-पश्चिम ठेवली तर नेमक्या खेळाच्या वेळी, सकाळी आणि संध्याकाळी, एका संघाच्या डोळ्यांत ऊन येते.

पाणी जिरणार कुठे?

बागेचा सर्वांत सखल कोपरा पहिल्या मोठ्या सरीत आपोआप कळतो. तोवर थांबायचे नसेल तर डम्पी लेव्हलने (जमिनीची उंचसखलता मोजणाऱ्या दुर्बिणीने) दर पाच मीटरवर पातळ्या घ्या. बहुतेक जुन्या बागांभोवतीचे रस्ते थरावर थर चढून उंच झालेले असतात, आणि रस्त्याचे पाणी बागेत येते. आतली गटारे मोठी करून हे सुटत नाही. प्रवेशद्वाराशी रुंदीभर जाळीचे आडवे गटार करून पाणी बाहेरच अडवावे लागते.

कबड्डीची माती हा याच प्रश्नाचा दुसरा भाग. खोदून नुसती लाल माती टाकली की पावसाळ्यात चिखल आणि मार्चनंतर धूळ. शिवाजी पार्कच्या लाल मातीची धूळ भोवतालच्या घरांत जाते ही तक्रार अनेक वर्षांची आहे. टिकणारी रचना अशी: तळाला १५० मिमी खडी, तिच्यावर जिओटेक्स्टाइल कापड (पाणी जाऊ देणारे पण माती अडवणारे), मग १०० मिमी दाबलेला मुरूम आणि सर्वांत वर १०० ते १५० मिमी चाळलेली माती, तीत शेणखत आणि लाकडाचा भुसा मिसळून. मधून दोन्ही बाजूंना १:१०० उतार. कापड वगळले तर माती दोन पावसांत खडीत उतरते आणि खडी वर येते. मग गुडघे फुटतात. पाणी शिंपडायला मैदानापासून वीस मीटरच्या आत नळ हवा, नाहीतर ते काम कोणी करत नाही.

सिमेंटच्या किंवा ॲक्रिलिक रंगाचा थर दिलेल्या कोर्टावर कबड्डीच्या रेषा मारणे ही तर निव्वळ फसवणूक. पकड झाली की खेळाडू अंगावर पडतो, तिथे माती हवी किंवा मॅट हवी. मॅट घेणार असाल तर ती ठेवायला कोरडी खोली आधी बांधा. उन्हापावसात पडून राहिलेली मॅट कडेने वळते आणि सांधे उघडतात.

ॲक्रिलिकला फोड का येतात

रंग वाईट म्हणून क्वचितच. बहुतेकदा खालची ओल. काळ्या मातीवर थेट काँक्रीट टाकले की माती पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसते आणि स्लॅबला तडे जातात. काळी माती ४५० ते ६०० मिमी काढून मुरूम १५०-१५० मिमीच्या थरांत रोलरने दाबावा. काँक्रीटच्या खाली प्लास्टिकची जाड शीट अंथरावी, म्हणजे जमिनीची ओल वर चढत नाही. पृष्ठभाग घोटून चकचकीत करू नये, झाडू फिरवून खरखरीत ठेवावा. गुळगुळीत काँक्रीटवर रंग धरत नाही. उतार एकाच दिशेने १:१००.

काँक्रीटला २८ दिवस द्यावे लागतात. त्यानंतरही रंगाआधी दोन चाचण्या करा. पहिली: साधारण ४५० मिमी चौरस पारदर्शक प्लास्टिक चारही कडांनी चिकटपट्टीने बंद करून १६ तास ठेवा. उचलल्यावर खाली दव दिसले किंवा काँक्रीट काळपट पडले असेल तर रंग थांबवा. दुसरी: पूर्ण कोर्टावर पाणी सोडा आणि तासाभराने पाहा. जिथे रुपयाचे नाणे बुडेल एवढे पाणी उरले, तिथे खडूने गोल करा आणि तो खळगा भरून मगच पुढे जा. रंग झाल्यावर खळगे दुरुस्त करता येतात, पण ठिगळ दिसते.

यात वेळापत्रकाचा घोळ मोठा असतो. कार्यादेश मार्चअखेरीस निघतो, काँक्रीट मे महिन्यात पडते, आणि 'पावसाआधी उरका' म्हणून ओल्या स्लॅबवर रंग मारला जातो. मातीकाम आणि गटारे उन्हाळ्यात, झाडे जून-जुलैत, रंग दिवाळीनंतर हा क्रम निविदेतच लिहून घ्या.

मुलांचा कोपरा आणि ओपन जिम

खेळण्यांच्या कठड्यात ८९ ते २३० मिमी एवढी फट नको. तीत मुलाचे अंग जाते आणि डोके अडकते. झोपाळ्याची बैठक जमिनीपासून किमान ३५० मिमी, आणि एका चौकटीत दोनच झोपाळे. तिसरा लावला की मधल्याला दोन्ही बाजूंनी धक्के. स्टीलची घसरगुंडी पश्चिमेला तोंड करून लावली तर दुपारी तिच्यावर हात ठेवता येत नाही.

रबरी फरशीला कडेने काँक्रीटची पट्टी नसेल तर ती कडेपासून सुटू लागते आणि पोरे तिचे तुकडे काढतात. जाडी खेळण्याच्या उंचीप्रमाणे मागा. सगळीकडे एकच जाडी लिहिलेली निविदा परत पाठवावी. आमचे मत विचाराल तर ३०० मिमी धुतलेली वाळू स्वस्त आणि चांगली, मात्र कुंपण हवे, रोज वाळू उलटणारा माणूस हवा, नाहीतर ती मांजरांची होते.

ओपन जिमची यंत्रे पेव्हर ब्लॉकवर बोल्टने आवळली की सहा महिन्यांत डुलू लागतात. प्रत्येक खांबाखाली ४५० मिमी चौरस, ६०० मिमी खोल एम-२० प्रतीचे काँक्रीट हवे. यंत्र कुरकुरू लागले की ग्रीस मारून भागत नाही. बेअरिंगमध्ये पाणी गेलेले असते. दोन्ही बाजूंनी बंद बेअरिंग आणि तोंड बंद केलेले पाइप निविदेत लिहा.

झाडांचे गळे आवळू नका

बुंध्याभोवती काँक्रीटचा पार बांधायची आपल्याकडे हौस फार. बुंध्यापासून निदान एक मीटर माती उघडी राहिली पाहिजे. मोठ्या झाडाला त्याहून जास्त. भरावाची माती बुंध्याशी चढवली तरी मुळे गुदमरतात, झाड मात्र दोन-तीन वर्षांनी वाळते, म्हणून कारण कोणाच्या लक्षात येत नाही. फांदी तोडायचीही असेल तर १९७५ च्या वृक्ष संरक्षण कायद्याप्रमाणे वृक्ष प्राधिकरणाची परवानगी आधी घ्या. नवी लावताना ताम्हण, बकुळ, करंज, कडुनिंब घ्या. खेळाच्या जागेवर गुलमोहर नको, वादळात फांद्या मोडतात.

दिवे, आवाज आणि मुली

बास्केटबॉलचा ठप्प-ठप्प आवाज ही शेजाऱ्यांची नेहमीची तक्रार असते. कोर्ट बेडरूमच्या भिंतीला लागून न ठेवता रस्त्याच्या बाजूला न्या. २००० च्या ध्वनी नियमांत निवासी भागाला दिवसा ५५ आणि रात्री १० नंतर ४५ डेसिबलची मर्यादा आहे. दिव्यांना टायमर बसवा, बटण कोणाच्या हातात ठेवू नका. प्रत्येक खांबाला अर्थिंग आणि फीडरवर, म्हणजे दिव्यांच्या मुख्य वाहिनीवर, ३० मिलिॲम्पियरचा आरसीसीबी (वीज गळताच पुरवठा तोडणारा स्विच), यावर तडजोड नाही. पावसाळ्यात खांबाला हात लावणारी मुलेच असतात.

कोर्ट तयार झाले की महिन्याभरात एकाच टोळक्याचे होते. व्हिएन्नामध्ये मुली साधारण नवव्या वर्षानंतर बागेत येईनाशा होतात असे दिसले, तेव्हा १९९९ मध्ये दोन बागांची मांडणी बदलून मोकळ्या जागेचे लहान भाग पाडले गेले. आपल्याकडे निदान एवढे करा: एका मोठ्या कोर्टाऐवजी दोन लहान जागा, दोन वाटा, फाटकातून दिसणारे बाक, चालू नळाचे स्वच्छतागृह आणि फलकावर मुलींच्या ठरावीक वेळा. स्वच्छतागृहाच्या सफाईचा खर्च देखभालीच्या अंदाजपत्रकात वेगळा दाखवला नसेल तर ते कुलूपबंदच राहते. फाटकाशी रॅम्प १:१२ पेक्षा उभा नको. मोटारसायकली अडवायला लावलेल्या खांबांमधून व्हीलचेअर जाईल एवढे ९०० मिमी अंतर ठेवा.

ताबा घेताना

उद्घाटनाच्या आदल्या दिवशी पाहणी करून उपयोग नाही. पाइप आणि केबल कुठून गेल्या याचा प्रत्यक्ष कामानंतरचा नकाशा मागा. कोर्टावर टँकर रिकामा करून खळगे पाहा, प्रत्येक झोपाळ्याची वरची कडी हाताने हलवून बघा, खांबांचे अर्थिंग मोजून घ्या आणि हे सारे कनिष्ठ अभियंत्याच्या सहीने नोंदवा. दोषदायित्व कालावधीत, म्हणजे कामातले दोष ठेकेदाराने स्वखर्चाने दुरुस्त करायच्या मुदतीत, किमान एक पूर्ण पावसाळा आला पाहिजे. ठेकेदाराची अनामत ऑक्टोबरच्या फेरपाहणीनंतरच सोडावी, आणि त्या पाहणीला बागेचा रखवालदार हजर असावा; पाणी कुठे तुंबले होते ते त्याला ठाऊक असते.