दुसऱ्यांच्या शूटवर राबताय, मग स्वतःची शॉर्टफिल्म का रखडलीय? या चुका टाळा

गोव्यात फिल्म लाइनमध्ये काम करणारी पोरं काही कमी नाहीत. मुंबईचं युनिट आलं की कोणी लोकेशन दाखवतं, कोणी गाड्या लावतं, कोणी आर्टमध्ये, कोणी लाइटला. आणि जवळजवळ प्रत्येकाकडे स्वतःची एक स्टोरी असते, जी वर्षानुवर्षं फक्त चहाच्या गाड्यावर सांगितली जाते.

"सीझन संपला की करू"

हा सीझन संपत नाही हो. पाऊस थांबला की कामं सुरू, मे पर्यंत धावपळ, जूनला पाऊस म्हणून आउटडोअर बंद, मग चवथ म्हणजे गणपती, मग परत कामं. उलट पावसातच तुम्ही घरी असता, तेव्हाच लिहा आणि घरातला एखादा सीन तेव्हाच शूट करा, फक्त कौलांवर किंवा पत्र्यावर पाऊस वाजत असताना डायलॉग रेकॉर्ड होणार नाही, त्यामुळे सीनच असा घ्या की त्यात माणसं फारशी बोलत नाहीत.

इफ्फीचा जोश

2004 पासून इफ्फी, म्हणजे भारताचा आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव, गोव्यात आहे, आपण नशीबवान. नोव्हेंबरमध्ये दिवसाला तीन-चार फिल्म बघून पणजीत बाहेर पडलं की वाटतं उद्याच कॅमेरा लावतो. मग डिसेंबर येतो, कामं येतात, जोश गेला. त्या जोशात स्टोरी शोधत बसू नका, तारीख ठरवा. इफ्फीत 2021 पासून तरुणांसाठी एक उपक्रम चालतो, पहिल्या वर्षी 75 जण निवडले होते, त्यात टीमला विषय देतात आणि ठरलेल्या तासांत शॉर्टफिल्म करून द्यायची, 2024 ला ते 48 तास होते. तिथे मूड यायची वाट कोण बघणार?

आणि खरं सांगायचं तर हे आपल्याला नवीन नाहीच. गावच्या देवळाच्या उत्सवाला मराठी नाटक होतं ना, त्यात बँकेतला, दुकानातला, शाळेतला सगळे असतात, दिवसभर काम करून रात्री तालमीला येतात आणि कोणीही विचारत नाही की तुला आज इच्छा आहे का. उत्सवाची तिथी ठरलेली, गाव बघायला येणार, विषय संपला. माझ्या मते शॉर्टफिल्म अडते ती इथेच, कारण तिची वाट बघणारं कोणी नसतं. म्हणून दोन माणसांना सांगा, रविवारी सकाळी सहाचा कॉल टाइम, नाश्ता माझ्याकडे. स्टोरी मात्र गावभर सांगत फिरू नका, दहाव्यांदा सांगून झाली की लिहायची खाज उरत नाही.

नटही त्या नाटकातलेच घ्या. फक्त स्टेजची सवय असते, शेवटच्या रांगेपर्यंत आवाज पोचवायची, तर पहिल्याच दिवशी सांगा की माईक छातीवर लावलाय, हळू बोला.

पहिल्याच फिल्ममध्ये सगळा गोवा

पणजीतल्या फोंतेन्हासची जुनी गल्ली, जुन्या गोव्याचं चर्च, फेरीबोट आणि वरून ड्रोन, हे सगळं सात मिनिटांत! जुन्या गोव्याची चर्चेस पुरातत्त्व खात्याच्या ताब्यात, परवानगी वेगळी. दाबोळीला नौदलाचा तळ, त्यामुळे ड्रोन उडवायच्या आधी डिजिटल स्काय या सरकारी साइटवरचा नकाशा बघायलाच लागतो. फोंतेन्हासमध्ये लोक राहतात आणि दारात येऊन फोटो काढणाऱ्यांना ते आधीच वैतागलेत. रायबंदर-चोडण फेरीबोट दिसते छान, पण इंजिनच्या आवाजात तुमचा हळवा डायलॉग कोणाला ऐकू येणार? घर, दोन माणसं, पाच पानं. स्क्रिप्टचं एक पान म्हणजे पडद्यावर साधारण एक मिनिट.

कॅमेरा घेतल्यावर बघू

फोन चालतो. सेकंदाला 25 फ्रेम, शटर 1/50 सेकंदावर लॉक करा, आपली वीज 50 हर्ट्झची आहे, नाहीतर ट्यूबलाइटखाली पट्टे फिरतात. वेगळ्या रेकॉर्डरवर आवाज घेत असाल तर फोनचा फ्रेमरेट कमीजास्त होत राहतो आणि लांब टेकमध्ये ओठ आणि आवाज सुटतात, तर टेक छोटे घ्या आणि दरवेळी टाळी वाजवा, एडिटला त्यावरून आवाज जुळवता येतो.

पैसे खर्च करायचेच तर माईकवर करा. पंखा बंद, फ्रिज बंद. फ्रिज बंद केल्यावर स्कूटरची चावी आतच ठेवा, म्हणजे निघताना फ्रिज परत चालू करायची आठवण राहते, नाहीतर आईच्या फ्रिजमधलं नुस्तं, म्हणजे मासे, खराब झालं की पुढच्या शूटला घर मिळालंच म्हणून समजा. निघायच्या आधी रिकाम्या खोलीचा अर्धा मिनिट आवाज पण घ्या, एडिटला लागतो.

बारा तासांची शिफ्ट करून रात्री लिहायला बसणं

होत नाही, झोपा. त्यापेक्षा सेटवर लाइटिंग चालू असताना जो वेळ नुसता जातो त्यात फोनवर दोन ओळी लिहा. त्या सेटचे फोटो मात्र काढू नका, काम जाईल.

शूट झालं आणि फुटेज पडून राहिलं

ही शेवटची आणि सगळ्यात कॉमन अडचण. त्याच रात्री दोन ठिकाणी कॉपी करा आणि आठवड्याच्या आत कच्चा कट लावा, कितीही घाण दिसू दे, म्युझिक नको, कलर नको. तो कट ज्यांनी काम केलंय त्यांना घरी बोलवून दाखवा. राहिलेला एखादा शॉट परत घ्यायचा असेल तर सगळे तिथेच आहेत, लगेच पुढचा रविवार विचारून घ्या.