तैपेचं नॅशनल पॅलेस म्युझियम: अर्ध्या दिवसात नीट कसं पाहावं

या संग्रहालयात जवळपास सात लाख वस्तू आहेत. एका वेळी दालनांत मांडलेल्या असतात त्या अगदी थोड्या, तरीही एका फेरीत सगळं उरकायचा बेत इथं फसतोच. दुसऱ्या तासाला पाय बोलू लागतात आणि पुढची भांडी सगळी सारखीच दिसतात. चार तास हाताशी ठेवा, पाच-सहा वस्तू आधीच नक्की करा आणि त्यांच्यापाशी रेंगाळा.

निघण्याआधी संग्रहालयाच्या संकेतस्थळावर सध्या काय मांडलंय ते तपासा. ही पायरी गाळणारेच बहुधा हिरमुसून परततात. रेशमावरची आणि कागदावरची चित्रं उजेडानं खराब होतात, म्हणून ती साधारण दर तीन महिन्यांनी बदलतात. सर्वांत मोलाची चित्रं तर जेमतेम सहा आठवडे बाहेर येतात आणि मग किमान तीन वर्षं विश्रांती घेतात. शिवाय दक्षिणेकडे चिआयीला संग्रहालयाची दुसरी शाखा आहे. वस्तू तिकडे जातात, कधी परदेशीही जातात. जेड या मौल्यवान दगडात कोरलेला प्रसिद्ध कोबी 2025 मध्ये प्रागला गेला होता.

सोमवारी सुट्टी असते, इतर दिवशी वेळ सकाळी 9 ते संध्याकाळी 5. परदेशी पाहुण्यांना तिकीट 350 तैवानी डॉलर. मेट्रोच्या लाल मार्गावर शिलिन स्थानकाला उतरून 'रेड 30' बस धरा. ती मुख्य इमारतीपर्यंत वर नेते. इतर काही बस खाली रस्त्यावर सोडतात, मग पायऱ्यांचा लांब चढ चढावा लागतो. मोठी बॅग सामानघरात ठेवा. फोटो काढता येतात, पण फ्लॅश आणि ट्रायपॉड चालत नाही.

नऊला दार उघडताच थेट तिसरा मजला गाठा आणि तिथून खाली उतरत या. पर्यटकांचे गट थोड्या उशिरानं येतात आणि थेट कोबीकडे वळतात, म्हणून तो आधी पाहून मोकळे व्हा. तो जेमतेम 19 सेंटीमीटर उंच आहे. एकाच दगडातला पांढरा भाग देठाला आणि हिरवा भाग पानांना वापरलाय, आणि पानांवर दोन कीटक बसलेत. शिजवलेल्या मांसासारखा दिसणारा दगडही नावाजलेला आहे. त्याच्या वरच्या थरावर कातडीची बारीक छिद्रं कोरून रंग दिलाय. पण या दोघांसाठी अर्धा तास रांगेत उभं राहावं असं आम्हाला वाटत नाही.

तो वेळ माओ गोंग डिंगला द्या. चीनच्या पश्चिम झोउ राजवटीतलं, सुमारे 2,800 वर्षांपूर्वीचं हे तीन पायांचं कांस्यपात्र सुमारे 54 सेंटीमीटर उंच आणि जवळपास 35 किलोचं आहे. लोक बाहेरून पाहून पुढे सरकतात. तुम्ही आत डोकवा: पोटाच्या आतल्या वळणावर सुमारे 500 अक्षरं ओळीनं उतरली आहेत. ज्या चिनी कांस्यपात्रांवर लेख सापडले, त्यांत इतका लांब लेख दुसरा नाही. राजानं माओच्या सरदाराला कारभार सोपवला आणि इनामं दिली, त्याची ही नोंद. ताम्रपट वाचायची सवय असलेल्याला हा मजकूर परका वाटणार नाही.

दुसऱ्या मजल्यावर 'रू' नावाची झिलईदार मातीची भांडी शोधा. उत्तर सोंग राजवटीच्या काळातली (इ.स. 960 ते 1127) ही भांडी जगात शंभराच्या आत उरली आहेत, त्यांतली 21 इथं आहेत. झिलईचा रंग पाऊस सरल्यावरच्या आभाळासारखा. बहुतेकांवर बारीक तड्यांचं जाळं असतं, पण नार्सिससच्या फुलांसाठीच्या एका लंबगोल कुंडीवर एकही तडा नाही. ती मांडलेली असेल तर बाजूनं वाकून पाहा. समोरून झगमगाट काचेवर पडतो आणि रंग फिका दिसतो.

सोंग काळातला चित्रकार फान क्वान याचं पर्वतचित्र बाहेर असेल तर नशीबच म्हणायचं. दोन मीटरहून उंच रेशमावर डोंगर अंगावर येतो. खाली उजवीकडे खेचरांचा तांडा दिसेल. त्याच्या मागच्या पानांत चित्रकारानं सही दडवलीय. ती थेट 1958 मध्ये लक्षात आली.

बेजिंगच्या राजवाड्यातला हा ठेवा तैवानात आला कसा, हे पाहताना मनात असू द्या. जपानी आक्रमणाच्या भीतीनं 1933 मध्ये पेट्या दक्षिणेकडे हलल्या, 1937 नंतर पश्चिमेकडे, आणि चीनमधल्या यादवी युद्धात 1948-49 च्या हिवाळ्यात या राजवाडा संग्रहालयाच्या 2,972 पेट्या जहाजांनी तैवानला आल्या. सध्याची इमारत 1965 ची.

उरलेला अर्धा तास बादशहांच्या चीजवस्तूंच्या पेट्यांसाठी ठेवा. खणात खण, खणात बोटाएवढी जेडची नि हस्तिदंताची कामं. इथं मोबाइलचा झूम डोळ्यापेक्षा जास्त दाखवतो.