उपमुख्यमंत्रिपदावर उत्तर लिहिताय? या चुका टाळा

एमपीएससीच्या सराव उत्तरपत्रिका तपासताना एक वाक्य हमखास भेटतं: ‘कलम १६४ नुसार राज्यपाल उपमुख्यमंत्र्यांची नेमणूक करतात.’ कलम बरोबर, पण त्यात उपमुख्यमंत्री हा शब्दच नाही. तिथे आहेत मुख्यमंत्री आणि इतर मंत्री, बस्स. केंद्रासाठीच्या कलम ७५ मध्ये उपपंतप्रधानही सापडणार नाहीत.

याचा सगळ्यात मजेशीर पुरावा १९८९ चा. व्ही. पी. सिंग सरकारात उपपंतप्रधान होणारे देवीलाल शपथ घेताना ‘मंत्री’ऐवजी ‘उपप्रधानमंत्री’ म्हणाले. राष्ट्रपती वेंकटरामन यांनी दुरुस्त केलं, तरी गडी पुन्हा तेच म्हणाला! प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. निकाल असा की शपथ वैध, पण ते बिरुद नुसतं वर्णनापुरतं. अधिकार इतर मंत्र्यांइतकेच. २०२४ मध्ये उपमुख्यमंत्र्यांच्या नेमणुकांविरुद्धची याचिकाही न्यायालयाने फेटाळली. म्हणजे ‘घटनेत नाही, म्हणून पद घटनाबाह्य’ असंही ठोकून देऊ नका.

दुसरा घोळ उपराष्ट्रपतींमुळे होतो. राष्ट्रपतिपद रिकामं झालं की उपराष्ट्रपती ते सांभाळतात, कारण कलम ६५ तसं सांगतं. मुलं तोच न्याय इकडे लावतात, म्हणजे मुख्यमंत्री किंवा पंतप्रधान गेले की त्यांचा ‘उप’ आपोआप ते पद सांभाळतो असं लिहितात. तसं नसतं. १९६४ मध्ये नेहरू गेले तेव्हा हंगामी पंतप्रधान झाले गुलझारीलाल नंदा. ते गृहमंत्री होते, उपपंतप्रधान नव्हते.

मग या पदाला वजन येतं कुठून? खात्यातून, आणि पाठीशी किती आमदार आहेत त्यातून. महाराष्ट्रातले पहिले उपमुख्यमंत्री नाशिकराव तिरपुडे, १९७८ चे. मुख्यमंत्री वसंतदादा पाटलांचं सरकार फुटलेल्या काँग्रेसच्या दोन पक्षांच्या जोडणीवर उभं होतं, म्हणून ते पद आलं. युतीच्या राजकारणातला हा धागा उत्तरात आणलात तर तपासणारा खूश होतो. खातं गेलं की काय उरतं, त्यासाठी मोरारजींचं उदाहरण द्या: जुलै १९६९ मध्ये इंदिरा गांधींनी अर्थखातं काढून घेतलं आणि उपपंतप्रधान मोरारजींनी राजीनामाच दिला.

‘उप एकच असतो’ हेही खोडा. १९७९ मध्ये चरणसिंग आणि जगजीवनराम दोघेही उपपंतप्रधान होते. फक्त मंत्रिमंडळाची मर्यादा विसरू नका: विधानसभेच्या एकूण आमदारसंख्येच्या १५ टक्के. २८८ आमदारांच्या विधानसभेत मुख्यमंत्र्यांसह जास्तीत जास्त ४३ मंत्री, आणि उपमुख्यमंत्री कितीही असले तरी ते त्या ४३ मध्येच मोजायचे.